दाताचे यंत्र आणि डॉक्टरचा हात

दाताच्या डॉक्टरचे नाव काढले की बहुतेकांना आधी आठवतो तो आवाज. घर्रर्र नव्हे, बारीक, उंच, डोक्यात शिरणारी ती शीळ. बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस त्या आवाजानेच अर्धा होतो. या भीतीवर विनोद आहेत, व्यंगचित्रे आहेत, नाटकातले प्रवेश आहेत. पण मंडळी, त्या यंत्राला दोन टोके असतात. एक टोक आपल्या दातावर असते, दुसरे डॉक्टरच्या तीन बोटांत. आपण वीस मिनिटांनी चूळ भरून, गाल चोळत घरी जातो. डॉक्टर तेच यंत्र पुढच्या पेशंटसाठी उचलतो, मग त्याच्या पुढच्यासाठी... असे तीस-पस्तीस वर्षे. त्या दुसऱ्या टोकाला काय होते?

मी डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर, आणि पोटासाठी सरकारी कचेरीत फायली हलवणारा. पण अवजारांचा इतिहास हा माझा जुना नाद. अवजाराच्या इतिहासात एक गोष्ट नेहमी दिसते. अवजार कशासाठी झाले ते लिहिलेले सापडते, ज्याने ते हातात धरले त्याच्या हाताचे काय झाले ते मात्र शोधावे लागते. दाताच्या यंत्राची कथा याचे चांगले उदाहरण आहे.

सुरुवात फार लांबून करावी लागेल. बलुचिस्तानात मेहरगढ नावाचे फार जुने वसतिस्थान आहे. तिथल्या दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना कोरून पाडलेली भोके सापडली. काळ आजपासून साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचा. २००६ साली 'नेचर' या नियतकालिकात हे संशोधन छापून आले तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला होता. भोकांच्या कडा झिजलेल्या होत्या. म्हणजे दात कोरल्यावरही ती माणसे जगली आणि त्याच दाढांनी चावून जेवली. मेहरगढचे लोक मणी बनवण्यात तरबेज होते. मण्याला भोक पाडणारे गारगोटीचे टोक आणि ते फिरवणारी धनुकली, हेच हत्यार दातावर चालले असावे असे संशोधकांचे मत आहे. त्यांनी तसे हत्यार बनवून पाहिले, तर मिनिटभराच्या आत दाताला भोक पडले!

आपल्याकडच्या जुन्या सुताराजवळ हेच हत्यार असायचे. त्याला सामता म्हणतात. लाकडी दांड्याला दोरीचा वेढा द्यायचा, धनुकली पुढे-मागे ओढायची, की टोक गरगर फिरते. पॅरिसचा प्येर फोशार, ज्याला आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात, त्याचा ग्रंथ १७२८ सालचा. त्याच्या हातीही धनुकलीवर फिरणारे हत्यारच होते. म्हणजे मेहरगढपासून फोशारपर्यंत हजारो वर्षे दात कोरणाऱ्याच्या हातात मूळ कल्पना एकच होती. दुखायचे ते पेशंटला, दमायचा तो वैद्याचा हात. पण त्या हाताला यंत्राचा कंप असा नव्हताच. हाताची जी गती, तीच हत्याराची.

बदल झाला तो पाय मदतीला आला तेव्हा. अमेरिकेत जॉन ग्रीनवूड नावाचा दंतवैद्य होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळ्या करणारा तोच. १७९० च्या सुमारास त्याने आपल्या आईच्या पायाने चालणाऱ्या सूत कातायच्या रहाटाला दात कोरायचे हत्यार जोडले, असे सांगतात. ज्या चाकावर आईने सूत काढले त्याच चाकावर मुलाने लोकांचे दात कोरले! पुढे १८६४ साली इंग्लंडमध्ये हॅरिंग्टनने घड्याळासारखे चावीचे यंत्र काढले. एकदा चावी दिली की दोन मिनिटे चालायचे, मग पुन्हा चावी. पेशंट तोंड उघडे ठेवून थांबलेलाच. १८७१ साली अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसनने पायाने चालवायचे यंत्र काढले. शिलाई मशीन पाहिलेल्या कोणालाही ते लगेच समजेल. खाली पायटा, वर चाक, चाकावरून जाणारी दोरी आणि शेवटी हातात धरायचा दांडा. मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे त्यावर मिळत. वीज नसलेल्या गावांतून आणि लष्करी छावण्यांतून हे पायाचे यंत्र विसाव्या शतकातही बराच काळ टिकले. विजेचे यंत्रही फार मागे नव्हते. मिशिगनमधल्या जॉर्ज ग्रीनने त्याचे पेटंट १८७५ सालीच घेतले होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आतापर्यंत गतीचा उगम वैद्याच्या स्वतःच्या अंगात होता, आधी हातात, मग पायात. मोटार आली आणि हात फक्त धरणारा झाला. धरणे सोपे वाटते. पण धडधडणारी वस्तू दिवसभर धरून ठेवणे हे वेगळेच काम आहे. हे जगाला प्रथम दंतवैद्यांकडून कळले नाही, ते कळले पाथरवटांकडून. म्हणून आता थोडा वेळ दात बाजूला ठेवून दगडाकडे जाऊ. दातांकडे परत येण्याचा रस्ता तिथूनच जातो.

१८६२ साली पॅरिसमध्ये मोरिस रेनो या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात एक विकार नोंदवला. थंडीत काही लोकांची बोटे एकाएकी पांढरीफटक पडतात, मग निळी, मग लाल होतात. बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून घेतात म्हणून असे होते. रेनोने पाहिलेल्या पेशंटांचा यंत्रांशी संबंध नव्हता. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवेच्या दाबावर चालणारे हातोडे खाणींत आणि दगडाच्या कारखान्यांत सर्रास आले, आणि तशीच पांढरी बोटे धडधाकट तरुण कामगारांत दिसू लागली. १९११ साली इटलीत जोव्हानी लोरिगा याने हे लिहून ठेवले.

मग येते १९१८ साल. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड नावाचे गाव आहे. तिथला चुनखडीचा दगड मोठमोठ्या सरकारी इमारतींना जायचा. तिथल्या पाथरवटांची तक्रार होती, की नवा हवेचा हातोडा आल्यापासून सकाळच्या थंडीत बोटे मेल्यासारखी होतात. ही तक्रार तपासायला सरकारने डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांना पाठवले. बाई मोठ्या कर्तृत्वाच्या. कारखान्यातल्या शिशाच्या विषबाधेवर त्यांनी आधीच काम केले होते, आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डने नेमलेल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक झाल्या. बेडफर्डला त्या भर हिवाळ्यात गेल्या, कारण बोटे पांढरी होतात ती थंडीत. उन्हाळ्यात गेले असते तर काहीच दिसले नसते, आणि अहवालात 'तक्रारीत तथ्य नाही' असे लिहून मोकळे होता आले असते! सरकारी चौकशी कोणत्या महिन्यात करावी हेसुद्धा प्रामाणिकपणाचेच लक्षण असते, हे मी कचेरीतल्या अनुभवावरून सांगतो.

त्यांना दिसले ते असे. छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला जास्त त्रास. पांढऱ्या आणि चांगल्या कातडीमध्ये आखल्यासारखी स्पष्ट रेघ. बोटे सुन्न. तपासलेल्या पाथरवटांपैकी सुमारे ८९ टक्के लोकांना हा त्रास होता. अहवाल छापून आला, ग्रंथालयात गेला. पुढे काय झाले? १९७८ साली, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी, अमेरिकन संशोधक पुन्हा त्याच बेडफर्डला गेले. तोच दगड, तशाच प्रकारचा हातोडा. पांढरी बोटे किती जणांची? ८० टक्के. साठ वर्षांत दुसरे महायुद्ध होऊन गेले, माणूस चंद्रावर जाऊन आला, बेडफर्डच्या पाथरवटाचा हातोडा मात्र होता तिथेच होता.

ब्रिटनमधली कथा तर आमच्या फायलींना लाजवील अशी आहे. कंपनाने पांढरी पडणारी बोटे हा नुकसानभरपाईला पात्र व्यवसायजन्य रोग मानावा की नाही, हा प्रश्न तिथल्या सल्लागार मंडळापुढे पुन्हा पुन्हा आला. अहवाल झाले १९५४, १९७०, १९७५ आणि १९८१ साली. आक्षेप काय, तर त्रास किरकोळ आहे, आणि खरा कोण, खोटा कोण हे ठरवणे कठीण आहे. शेवटी १९८५ साली रोग यादीत आला. पहिल्या अहवालापासून एकतीस वर्षे! त्यानंतर कोळसा खाणकामगारांनी कोर्टात जाऊन सरकारी कोळसा मंडळावर दावे जिंकले, आणि १९९९ पासूनच्या भरपाई योजनेत दीड लाखाहून अधिक अर्ज आले. ज्या रोगाला किरकोळ म्हटले होते, त्याची ही संख्या.

उलट बाजूही सांगायला हवी. फिनलंडमधल्या सुओमुसाल्मी भागात जंगलतोड करणारे कामगार करवतीची यंत्रे वापरत. १९७२ साली त्यांच्यातल्या ४० टक्के लोकांना पांढऱ्या बोटांचा त्रास होता. यंत्राच्या मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे झेलपट्टे आले, यंत्रे हलकी झाली, आणि १९९० पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. म्हणजे हा काही नशिबाचा भोग नव्हे. यंत्र बदलले की हात वाचतो.

आता दातांकडे परत येऊ. वरच्या सगळ्या कथेत एक समान गोष्ट आहे. पाथरवट असो, खाणकामगार असो की लाकूडतोड्या, त्याचे बोट पांढरे पडत होते. पांढरे बोट दिसते, डॉक्टरला दाखवता येते, कोर्टातही दाखवता येते. पण कंपनाने दुसरीही एक हानी होते, ती दिसत नाही. बोटांच्या टोकांतल्या मज्जातंतूंना इजा होते. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, बारीक स्पर्श कळेनासा होतो. हे दोन्ही त्रास वेगवेगळे आहेत आणि ते वेगवेगळे मोजायला हवेत, हे शास्त्राने उशिरा मान्य केले. १९७५ सालच्या मोजपट्टीत सगळा भर पांढऱ्या बोटांवर होता. १९८६ साली स्टॉकहोमला भरलेल्या बैठकीत रक्तवाहिन्यांची एक आणि संवेदनेची एक अशा दोन वेगळ्या श्रेणी ठरल्या. दंतवैद्याचा प्रश्न या दुसऱ्या श्रेणीत येतो. तो का, ते कळायला न्यूझीलंडला जावे लागेल.

डनेडिन शहरात ओटागो विद्यापीठाची दंतवैद्यक शाळा आहे. जॉन पॅट्रिक वॉल्श हे तिचे प्रमुख. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास दाताची विजेची यंत्रे मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेत. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १६७. पेशंटला दुखण्याइतकाच नकोसा होतो तो जबड्याला बसणारा हादरा. वॉल्श यांनी सिमन्स या सहकाऱ्याबरोबर प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. माणसाला कंप जाणवतो तो कोणत्या वेगापर्यंत? १९४९ साली त्यांनी यावरच लेख लिहिला. कंपाचा वेग एका हद्दीपलीकडे गेला की माणसाला तो कंप म्हणून जाणवतच नाही. मग यंत्रच त्या हद्दीपलीकडे नेले तर? त्यांनी हवेच्या झोतावर फिरणाऱ्या इवल्याशा पंख्याचा हँडपीस बनवला, आणि त्याचे पेटंट त्याच १९४९ सालचे.

कल्पना बाजारात यायला काही वर्षे लागली. १९५७ साली अमेरिकेतल्या जॉन बॉर्डन यांचा 'एअरोटर' आला. वेग किती? मिनिटाला तीन लाख फेरे. दहा हजारांवरून एकदम तीन लाख. आपले डेंटिस्ट आजही या यंत्राला एअरोटरच म्हणतात, आणि ती डोक्यात शिरणारी शीळ त्याचीच. दात कोरणे पूर्वीच्या मानाने लोण्यात सुरी घालण्यासारखे झाले. हादरा गेला, वेळ वाचला, पेशंटचे हाल कमी झाले. हा वैद्यकातला खरोखर मोठा उपकार आहे, त्याबद्दल दुमत नको.

पण जो कंप पेशंटला जाणवेनासा झाला, तो डॉक्टरच्या बोटांनाही जाणवेनासा झाला. जाणवेनासा झाला म्हणजे नाहीसा झाला का? इथे खरी गोम आहे.

बोटांच्या कातडीखाली कंप ओळखणारे कांद्याच्या पाकळ्यांसारखे थराथरांचे बारीक गोळे असतात. इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाचिनी याच्या नावाने ते ओळखले जातात. सेकंदाला दोनशे-तीनशेच्या आसपासचा कंप त्यांना सर्वांत चांगला कळतो, हजाराच्या वर गेले की त्यांना जवळजवळ काही कळत नाही. एअरोटरचे तीन लाख फेरे म्हणजे सेकंदाला पाच हजार. बोटाला ते गुळगुळीत स्थिर धातूसारखे वाटते. शिवाय कंप जितका सावकाश, तितका तो हातात वर चढतो. मनगट, कोपर, खांद्यापर्यंत. जितका वेगवान, तितका तो बोटाच्या मांसातच जिरतो. पाथरवटाचा धक्का त्याच्या खांद्याला जाणवायचा. एअरोटरची शक्ती बोटाच्या पेराबाहेर जात नाही, जे काय व्हायचे ते तिथेच होते.

आता हे मोजायचे कसे? त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५३४९. पहिले १९८६ सालचे, सुधारलेले २००१ सालचे. या मानकात सगळे कंप सारख्या मोलाचे धरत नाहीत. सेकंदाला सोळापर्यंतच्या कंपाला पूर्ण वजन, त्यापुढे वेग वाढेल तसे वजन घटत जाते. सेकंदाला हजार कंपांना साठावा हिस्सा म्हणता येईल एवढेच मोल उरते. आणि साधारण चौदाशेच्या पुढचे तर हिशेबातच नाही. म्हणजे एअरोटरच्या मुख्य पाच हजारांच्या कंपाला मानकाच्या वहीत रकानाच नाही! युरोपीय संघाने २००२ साली कामगारांसाठी मर्यादा घातली. आठ तासांच्या दिवसाला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाले की उपाय सुरू करायचे, ५ च्या वर जाऊ द्यायचेच नाही. दाताची यंत्रे या पद्धतीने मोजली की सहसा २.५ च्या आतच येतात. कागदोपत्री सगळे आलबेल.

हे मानक कोणी दुष्टपणाने केले असे मुळीच नाही. ते मुख्यतः खडखडणाऱ्या अवजड यंत्रांच्या अनुभवावर उभे आहे आणि तिथे ते उपयोगी आहे. पण ज्या रोगावरून नियम बनला तो पाथरवटाचा, आणि ज्याला तो लावला तो दंतवैद्य. कपडे एकाच्या मापाचे, घालतोय दुसरा. अलीकडे शास्त्रज्ञांनाही हे खटकू लागले आहे. २०१७ साली आयएसओनेच रक्तवाहिन्यांच्या विकारासाठी एक पूरक पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात मधल्या वेगाच्या कंपांना जास्त वजन दिले आहे. मज्जातंतूंचा हिशेब मात्र अजून तसा बसलेला नाही.

कागद सोडून हात तपासले तर? हे काम प्रामुख्याने स्वीडनमध्ये झाले. १९८२ साली लुंडस्ट्रॉम आणि लिंडमार्क यांनी दंतवैद्यांच्या बोटांची कंप ओळखण्याची क्षमता मोजली, ती घटलेली आढळली. १९८९ साली दुसऱ्या एका स्वीडिश गटाने कवळ्या आणि कॅप घासून तयार करणारे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ तपासले. त्यांच्या हातात तर तासन्‌तास वेगवान मोटार असते. त्यांच्या बोटांतल्या संवेदनेतही बिघाड दिसला. १९९५ साली महिला दंतवैद्य आणि दातांवरचे कीटण काढणाऱ्या हायजीनिस्ट यांची तुलना त्याच दवाखान्यांतल्या मदतनीस बायांशी आणि रुग्णालयातल्या परिचारिकांशी केली गेली. यंत्र हातात धरणाऱ्यांची स्पर्शशक्ती आणि हाताची ताकद तुलनेत कमी भरली. कीटण काढायचे यंत्र तर एअरोटरच्याही पलीकडचे. त्याचे टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरते आणि कानालाही ऐकू येत नाही.

इथे घाई करून चालणार नाही. दंतवैद्याच्या हातात मुंग्या आल्या म्हणजे यंत्रानेच आल्या असे नाही. मान वाकवून, दंड उचलून, बारीक दांडा चिमटीत घट्ट धरून दिवसभर काम करणे हेसुद्धा नसांवर ताण देणारे आहे. मनगटातली नस दबली तरी तशाच मुंग्या येतात. पाथरवटांसारखी पांढरी बोटे दंतवैद्यांत सर्रास दिसतात असेही नाही. एअरोटर दिवसातला थोडाच वेळ प्रत्यक्ष चालतो. संशोधनात दिसलेला स्पर्शातला फरकही बहुधा सूक्ष्म, उपकरणानेच कळणारा आहे. तेव्हा हे वाचून कोणी आपल्या डेंटिस्टकडे संशयाने पाहू नये.

पण सूक्ष्म म्हणजे क्षुल्लक नव्हे. पाथरवटाचे किंवा खाणकामगाराचे बोट गेले तर त्याचा घास जातो, त्या दुःखाला तोड नाही. दंतवैद्याचा मामला आणखी वेगळा आहे. कीड कुठे संपते आणि चांगला दात कुठे सुरू होतो हे त्याला डोळ्याने पूर्ण दिसत नाही. अवजाराच्या टोकावरून मऊ-कठीण कळते ते बोटाला. रूट कॅनॉलमध्ये तर केसासारखी सुई दाताच्या मुळात उतरवायची, तिथे बोट हाच डोळा. म्हणजे ज्या स्पर्शावर त्याची विद्या उभी आहे, तोच स्पर्श त्याचे अवजार रोज थोडा थोडा झिजवत असेल, तर त्याला ते कळणार कशाने? बधिर होत जाणारे बोट स्वतःच्या बधिरपणाची तक्रार करत नाही. म्हातारपणी ऐकू कमी येऊ लागते तेव्हा माणूस म्हणतो, हल्ली लोक हळू बोलतात... तसेच हे.

आपल्याकडे दंतवैद्यकाचे शिक्षण कलकत्त्यात १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी सुरू केले. मुंबईत नायरचे दंत महाविद्यालय १९३३ सालचे. आमच्या गोव्यात पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ सालचे असले, तरी दंत महाविद्यालय बांबोळीला आले ते १९८० साली. म्हणजे गोव्यात शिकलेली पिढी पहिल्या दिवसापासून एअरोटरवरच शिकली. पायाचे यंत्र तिने पाहिले असलेच तर कपाटात. त्यातले पहिले विद्यार्थी आता निवृत्तीच्या वयात आहेत. पूर्ण आयुष्य वेगवान यंत्र धरलेले हे आपल्याकडचे पहिले हात. स्वीडनने जे त्या हातांना विचारले ते आपणही आपल्या हातांना विचारायला हवे, आणि त्यासाठी फार खर्चिक काही लागत नाही. बोटाच्या टोकाला मोजून मापून कंप द्यायचा, जाणवला का विचारायचे, नोंद करायची. कान तपासतो तसे बोट तपासायचे. नोकरीला लागताना एकदा आणि मग दर काही वर्षांनी.

उपायही फिनलंडच्या लाकूडतोड्यांसारखेच साधे आहेत. यंत्राचे बेअरिंग झिजले की कंप वाढतो, ते वेळेवर बदलणे. वाकडे किंवा बोथट झालेले टोक फेकून देणे. बोथट टोकाने कोरायला दाब जास्त लागतो, आणि दाब वाढला की बोटात जिरणारा कंपही वाढतो. जाड, हलक्या मुठीचा हँडपीस घेणे. मधे हात मोकळा करणे. मोठ्या दवाखान्यात हे होते. पण गल्लीतल्या लॅबमध्ये कमी पगारावर दिवसभर कवळ्या घासणारा पोरगा, त्याच्या मोटारीचे बेअरिंग कोण बदलणार? आणि आपल्याच इमारतीत फरशी कापणारा, जॅकहॅमर धरणारा परप्रांतीय मजूर, त्याची बोटे तर आपल्या उष्ण हवेत पांढरीही पडणार नाहीत. हॅमिल्टनबाईंना थंडीत तरी दिसले. गोव्याच्या उकाड्यात न दिसणारा रोग अधिकच दिसेनासा होतो. बधिरपणाला मात्र हवामान लागत नाही.

मला या इतिहासात सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो वॉल्श यांचा तो मूळ प्रश्न. कंप किती वेगाने केला म्हणजे माणसाला जाणवणार नाही? पेशंटच्या बाजूने हा प्रश्न दयेचा होता, आणि त्याचे उत्तर आपण सगळ्यांनी खुर्चीत बसून उपभोगले आहे. डॉक्टरच्या बाजूने मात्र त्याच उत्तराचा अर्थ एवढाच झाला, की धोक्याची सूचना देणारी घंटा काढून घेतली गेली. पाथरवटाचा हात ओरडत होता, तरी बेडफर्डला साठ वर्षे कोणी ऐकले नाही. न ओरडणाऱ्या हाताकडे तर आपणहून जाऊन विचारावे लागेल.

तेव्हा पुढच्या वेळी दात दाखवायला जाल तेव्हा काम संपल्यावर, पैसे देताना, डॉक्टरांना एक प्रश्न विचारून पाहा. 'डॉक्टर, तुमचा हात कसा आहे?' बहुतेक ते हसतील. आपल्याला आजवर हे कोणी विचारले नाही, असेही कदाचित म्हणतील.